रेनकोट, खेळणी आणि लोणच्याची बरणी : प्लास्टिक मऊ करणारं रसायन

जून आला की चिपळूणच्या बाजारात रेनकोट टांगलेले दिसतात आणि दवाखान्यात प्रश्न येतो, "डॉक्टर, या प्लास्टिकने कॅन्सर होतो का?" सरसकट घाबरू नका, पण सरसकट दुर्लक्षही करू नका, असं माझं मत आहे.

पीव्हीसी मुळात कडक असतं. नळाचा पाइप आठवा. त्याला रेनकोटसारखं मऊ करण्यासाठी त्यात प्लास्टिसायझर मिसळतात. त्यातला मोठा गट म्हणजे थॅलेट्स, आणि त्यात सर्वांत परिचित डीईएचपी. हे रसायन प्लास्टिकला घट्ट जोडलेलं नसतं, म्हणून हळूहळू बाहेर झिरपतं. तेलात ते सहज विरघळतं आणि उष्णतेने हा वेग वाढतो.

प्राण्यांवरील प्रयोगांत गर्भातल्या नर पिल्लांच्या जननेंद्रियांच्या वाढीवर परिणाम दिसला. माणसांत तसे संबंध आढळतात, पण पक्का पुरावा अजून नाही. कर्करोगाबाबत जागतिक आरोग्य संघटनेची संस्था डीईएचपीला 'कदाचित कर्करोगकारक' गटात ठेवते. त्यामुळे जास्त काळजी गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांची. दिलासा हा, की थॅलेट्स शरीरात फार साठत नाहीत. बहुतांश एक-दोन दिवसांत लघवीवाटे जातात. संपर्क कमी केला की प्रमाणही घटतं.

रक्ताच्या पिशवीत आणि सलाईनच्या नळीतही डीईएचपी असू शकतं. म्हणून कुणी रक्त घ्यायला नकार देऊ नये. तिथे जीव वाचवण्याचा फायदा कितीतरी मोठा आहे.

माझा आक्षेप आहे तो विनाकारण होणाऱ्या संपर्काला. हॉटेलातून गरम रस्सा पिशवीत आणतो. ती पिशवी बहुधा पॉलिथिनची असते आणि तिला थॅलेट लागत नाही. पण प्लास्टिक कोणतं, हे आपल्याला कसं कळणार? त्यापेक्षा स्टीलचा डबा न्यावा. लोणचं काचेच्या किंवा चिनी मातीच्या बरणीतच ठेवावं. वासावरून मात्र धोका ओळखू नका, डीईएचपीला जवळपास वासच नसतो.

खेळण्यांसाठी १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय चिन्ह सक्तीचं आहे आणि त्या मानकात थॅलेट्सवर मर्यादा आहे. तरीही जत्रेत बिनचिन्हाची मऊ खेळणी मिळतात आणि बाळ ती थेट तोंडात घालतं. पालकांनी चिन्ह बघावं, हे खरं. पण अशी खेळणी विक्रीला येऊच नयेत, ही जबाबदारी विक्रेत्यांची आणि तपासणी यंत्रणेची आहे. सगळा भार आईवर टाकणं मला पटत नाही.