महागडा दुसरा सप्लायर आणि लिथुआनियाचं जहाज



"सगळ्यात स्वस्त देतो तो सप्लायर पकडा, सगळी ऑर्डर त्यालाच द्या आणि रेट फोडून घ्या." धंद्याच्या ट्रेनिंगमध्ये हा सल्ला इतक्या वेळा दिला जातो की त्यावर कोणी शंकाच काढत नाही. मला तो अर्धवट वाटतो. का वाटतो, हे सांगायला आज किराणा-कापड सोडून थेट नाटोचं उदाहरण घेतोय. नाटो म्हणजे अमेरिका, कॅनडा, तुर्की आणि युरोपातले बरेचसे देश धरून ३२ देशांची लष्करी युती. घाबरू नका, रणगाड्यांवर बोलणार नाहीये.

या युतीत एक खातं असं आहे जिथली माणसं बंदुकीपेक्षा पाइपलाइनचे नकाशे जास्त बघतात. विषय ऊर्जा सुरक्षेचा. तेल, गॅस, वीज कुठून येते, तो नळ कोणाच्या हातात आहे आणि त्याने तो बंद केला तर आपण किती दिवस तग धरू? यात नाटोची भूमिका काय असावी हे २००८ च्या बुखारेस्ट परिषदेत पहिल्यांदा ठरलं. पुढे २०१२ मध्ये लिथुआनियाची राजधानी विल्नियस इथल्या ऊर्जा सुरक्षा केंद्राला नाटोची मान्यता मिळाली. तिथे ट्रेनिंग, सराव आणि अभ्यास चालतो.

आता हे केंद्र लिथुआनियातच का? लोकसंख्या तीस लाखांच्या आतली, म्हणजे आपल्या पुणे शहरापेक्षाही लहान देश. पण एकाच सप्लायरवर अवलंबून राहणं म्हणजे काय, हे या देशाइतकं कोणालाच माहीत नसेल. १९९० मध्ये त्यांनी सोव्हिएत संघातून बाहेर पडायची घोषणा केली, तेव्हा मॉस्कोने तेल आणि गॅस तोडून त्यांचं नाक दाबलं. नंतर स्वातंत्र्य मिळालं, पण पाइप तेच राहिले. २००६ मध्ये त्यांच्या माझेइक्यायच्या रिफायनरीची विक्री ठरली आणि ती रशियन कंपनीला न जाता पोलंडच्या कंपनीला गेली. त्याच वर्षी रशियाकडून तिथे येणाऱ्या द्रुझ्बा पाइपलाइनमध्ये गळती झाली, आणि 'दुरुस्तीसाठी' ती शाखा बंद झाली. ती पुन्हा सुरू झालीच नाही. ("माल लोडिंगला लागलाय" हे वाक्य ज्यांनी सलग पंधरा दिवस फोनवर ऐकलंय, त्यांना ही दुरुस्ती बरोबर कळेल.)

तरीही रिफायनरी बंद पडली नाही. कारण १९९९ मध्ये समुद्रकाठी बुटिंगे इथे त्यांनी तेलाचं टर्मिनल उभं केलं होतं. सुरुवातीला तिथून तेल बाहेर जायचं. पाइप बंद झाल्यावर त्याच टर्मिनलवरून जहाजाने तेल आत यायला लागलं. पाइपपेक्षा महाग पडलं, पण कारखाना चालू राहिला.

गॅसचं मात्र तसं नव्हतं. २०१४ पर्यंत सगळाच्या सगळा गॅस एका रशियन कंपनीकडून, गाझप्रॉमकडून, यायचा आणि युरोपातल्या चढ्या दरांपैकी एक दर हा छोटा देश भरत होता. गिऱ्हाईक लहान, दुसरं दुकान नाही, मग सूट कोण देणार? तेव्हा त्यांनी एक जहाज दहा वर्षांसाठी भाड्याने घ्यायचं ठरवलं. नाव 'इंडिपेन्डन्स'. द्रवरूप गॅस साठवायचा आणि जहाजावरच त्याचा पुन्हा वायू करून पाइपमध्ये सोडायचा. ऑक्टोबर २०१४ मध्ये ते क्लायपेडा बंदरात लागलं.

आता दुकानदाराच्या नजरेने बघा. या जहाजाची क्षमता देशाच्या एकूण गरजेपेक्षाही जास्त होती. नॉर्वेशी केलेला पहिला करार मात्र टर्मिनल जेमतेम चालू राहील एवढ्याच गॅसचा. म्हणजे भाडं पूर्ण आणि वापर थोडा. तो खर्च गॅस वापरणाऱ्यांच्या बिलात आला. देशातला सगळ्यात मोठा गॅस ग्राहक म्हणजे एक खत कारखाना. तो या आकारणीवरून भांडला, प्रकरण युरोपीय न्यायालयापर्यंत गेलं. त्याचंही चूक म्हणता येणार नाही, महिन्याचं बिल त्याला भरायचं होतं.

पण मे २०१४ मध्ये, जहाज बंदरात लागायच्या आधीच, गाझप्रॉमने दर साधारण वीस टक्क्यांनी उतरवले. नव्या जहाजातून अजून चमचाभर गॅस आलेला नव्हता. नुसतं ते येतंय हे समोरच्याला कळलं होतं. वापर किती झाला यावर या जहाजाची किंमत काढली, तर हा आकडा हिशोबात धरलाच जात नाही. आपल्याकडच्या कॉस्ट कटिंगच्या सल्ल्यात नेमकं हेच निसटतं. दुसऱ्या सप्लायरला दिलेले जास्तीचे दोन रुपये वहीत दिसतात, त्याच्या असण्याने पहिल्याकडून वाचलेले पाच कुठेच लिहिले जात नाहीत. माझं पॅकेजिंग मटेरियलचं दुकान आहे. बॉक्सची चौथाई ऑर्डर मी मुद्दाम थोड्या महाग माणसाला देतो. माझे अकाउंटंट दर वर्षी त्या ओळीवर पेन्सिलने गोल करतात. करू देत.

पुढे एप्रिल २०२२ मध्ये, युक्रेनवर हल्ला झाल्यावर, रशियन गॅसची आयात पूर्ण थांबवणारा युरोपीय संघातला पहिला देश लिथुआनियाच ठरला. आणि ज्या जहाजाला पांढरा हत्ती म्हणायचे, त्यातून शेजारच्या लॅटव्हिया, एस्टोनियालाही गॅस जाऊ लागला.

हे जहाज नाटोने आणलेलं नाही, हेही नीट समजून घ्या. नाटो कोणासाठी गॅस खरेदी करत नाही. तिथे निर्णय सगळ्यांच्या संमतीने होतात आणि ऊर्जा ही ज्या त्या देशाची स्वतःची जबाबदारी मानली जाते. त्यामुळे तिथे या धोरणावर काम करणाऱ्याची अवस्था बाजारपेठेच्या व्यापारी संघाच्या सेक्रेटरीसारखी असते. तो परिपत्रक काढू शकतो, धोका दाखवू शकतो, पण कोणाच्या गल्ल्यात हात घालू शकत नाही. जुलै २०१८ मध्ये ब्रुसेल्सच्या परिषदेत ट्रम्प यांनी नाटोचे तेव्हाचे सरचिटणीस स्टोल्टेनबर्ग यांना सगळ्यांसमोर सुनावलं, की जर्मनी रशियाच्या गॅसमध्ये अडकलाय. बोलण्याची पद्धत नेहमीसारखीच होती, पण मुद्दा खरा होता. पूर्वेकडचे छोटे सदस्य तो कित्येक वर्षं सांगत होते. तरी २०२१ मध्ये जर्मनीत येणारा निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा होता, आणि त्यांच्या सर्वात मोठ्या गॅस साठवणुकीचा, रेहडेनचा, ताबाही गाझप्रॉमकडेच. म्हणजे माल त्याचा आणि आपल्या गोडाऊनची चावीपण त्याच्याकडे. त्या हिवाळ्याच्या तोंडावर ते गोडाऊन जवळपास रिकामं होतं.

मी इथे जर्मनीला मूर्ख म्हणणार नाही. स्वस्त गॅसवर त्यांच्या कारखान्यांनी अनेक वर्षं चांगला धंदा केला. स्वस्त माल उचलण्यात काही वाईट नव्हतं. पण त्या नफ्यातला थोडा भाग दुसऱ्या वाटेसाठी बाजूला ठेवला असता, तर २०२२ मध्ये धावपळ करून, वाटेल त्या भावाने गॅस घ्यायची वेळ आली नसती. विल्हेल्म्सहाफनला त्यांनी असंच तरंगतं टर्मिनल डिसेंबर २०२२ मध्ये सुरू केलं. लिथुआनियानंतर आठ वर्षांनी.

"दादा, हे सगळं युरोपातलं, आम्हाला काय?" तर ऐका. आपल्या गेल कंपनीने २०१२ मध्ये गाझप्रॉमच्या सिंगापूरच्या शाखेशी वीस वर्षांचा करार केला होता, वर्षाला २५ लाख टन द्रवरूप गॅसचा. कागद पक्का, भाव चांगला. ही शाखा मालकीने गाझप्रॉमच्या जर्मन कंपनीखाली होती. युद्ध सुरू झाल्यावर जर्मन सरकारने ती जर्मन कंपनी आपल्या ताब्यात घेतली, आणि २०२२ च्या मध्यापासून गेलची जहाजं यायची थांबली. गेलला आपल्या ग्राहकांचा गॅस कमी करावा लागला, त्यात खत कारखानेही होते. गेलने काहीच वावगं केलं नव्हतं. सप्लायरच्या घरात भांडण झालं आणि माल आपला अडकला. अमेरिका आणि कतारचे करार हाताशी होते म्हणून निभावलं.

अजून एक गोष्ट, जी ट्रेनर लोक सांगत नाहीत. दुसरी वाट काढली की ती राखावीही लागते. सप्टेंबर २०२२ मध्ये बाल्टिक समुद्राखाली नॉर्ड स्ट्रीम पाइपलाइन स्फोटाने फुटल्या. ऑक्टोबर २०२३ मध्ये फिनलंड-एस्टोनियामधली गॅस पाइपलाइन तुटली, समुद्राच्या तळाशी जहाजाचा नांगर सापडला. २०२४ च्या नाताळात त्याच दोन देशांमधली एस्टलिंक-२ ही वीजवाहिनी तुटली. जानेवारी २०२५ मध्ये नाटोने त्या समुद्रात 'बाल्टिक सेन्ट्री' नावाची गस्त सुरू केली. पुढच्याच महिन्यात तिन्ही बाल्टिक देशांनी रशियाच्या वीज ग्रिडपासून तार तोडून युरोपच्या ग्रिडला जोडली. त्यावर दीड अब्ज युरोंहून जास्त खर्च झाला. तुटलेली एस्टलिंक-२ मात्र दुरुस्त व्हायला जून उजाडला.

धंद्यात ही गस्त म्हणजे दुसऱ्या सप्लायरला वर्षातून एकदा दिवाळीला फोन करणं नव्हे. त्याला दर महिन्याला खरी ऑर्डर, वेळेवर पेमेंट, आणि एखाद्या महिन्यात मुद्दाम मोठी ऑर्डर टाकून तो खरंच उचलू शकतो का हे बघणं. नुसता नंबर सेव्ह करून ठेवलेल्याला अडचणीच्या दिवशी फोन लावलात, तर तो आधी आपल्या रोजच्या गिऱ्हाइकाला माल देणार. मी तरी तेच करीन.

पुढच्या व्हिडिओत दुसऱ्या सप्लायरशी पहिली बोलणी कशी करायची ते दाखवतो. रेट किती जास्त चालेल, क्रेडिट मागायचं की नाही, आणि पहिल्या सप्लायरच्या कानावर हे कधी आणि कसं घालायचं. बघायला बसताना एक कागद जवळ ठेवा. ज्या तीन वस्तू संपल्या तर तुमचं शटर दुसऱ्या दिवशी खाली येईल त्या लिहा, आणि प्रत्येकीसमोर आज किती जण तुम्हाला तो माल देतात तो आकडा.