फॉर्म भरला, पण परीक्षेला कोण नेणार?

सहावी ते बारावी, राहणं-जेवण फुकट, चांगले शिक्षक आणि प्रवेश पाचवीत होणाऱ्या परीक्षेतल्या गुणांवर. जवाहर नवोदय विद्यालय ही सरकारी शाळा आज आपल्या जवळजवळ प्रत्येक जिल्ह्यात आहे. १९८५-८६ मध्ये देशात पहिल्या दोन नवोदय शाळा सुरू झाल्या, त्यातली एक आपल्या अमरावतीत.

नियमही गावाच्या बाजूचे आहेत. किमान ७५ टक्के जागा ग्रामीण मुलांसाठी, एकतृतीयांश मुलींसाठी. पेपर मराठीत देता येतो आणि फॉर्मला फी नाही.

तरीही आपली कितीतरी पोरं या शर्यतीत उभीच राहत नाहीत.

ऊसतोडीचंच बघा. अलीकडे ही परीक्षा डिसेंबर-जानेवारीत होते. त्याच वेळी बीडमधली कुटुंबं उचल फेडायला दूरच्या फडावर कोयता चालवत असतात आणि पाचवीतली मुलगी तिथे धाकट्या भावाला सांभाळत असते. परीक्षेचं केंद्र मात्र तिच्या जिल्ह्यात. सहावीच्या प्रवेशाची ही परीक्षा दुसऱ्यांदा देता येत नाही. तिची जागा कुणी हिसकावली नाही, ती नुसती पोचलीच नाही.

शिवाय ८० प्रश्नांपैकी ४० बुद्धिमत्तेचे, आकृत्यांच्या कोड्यांचे. क्लासमधल्या मुलाने ती वर्षभर सोडवलेली असतात. फडावरची मुलगी पहिल्यांदाच पाहते. क्लास लावणाऱ्या आईबापांवर राग काढून काही होणार नाही. आपल्या लेकरासाठी कुणीही धडपडणारच. पण शहरात शिकणाऱ्या मुलाचं नाव गावच्या पटावर लावून ग्रामीण जागा मिळवणं ही धडपड नव्हे, लबाडी आहे. मुख्याध्यापकांनो, असा दाखला मागायला ओळखीचा माणूस आला तरी नाही म्हणा. गाव तुमच्या पाठीशी उभं राहील.

बाकीचं काम आपलं, आणि ते फार अवघड नाही. फॉर्म सुटले की पाचवीच्या पटावरचं एकेक नाव घेऊन विचारू या, हिचा भरला का? नवोदयमधून शिकून नोकरीला लागलेली पोरं आपल्यात आहेत. त्यांनी रविवारचे दोन तास द्यावेत, जुने पेपर सोडवून घ्यावेत, गोल कसे रंगवायचे ते दाखवावं. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत, एवढं कळलं तरी घाबरलेलं मूल कोरा सोडलेला प्रश्न सोडवून बघतं.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, परीक्षेपर्यंत मूल गावात राहायला हवं. आजी आहे, मावशी आहे, काही गावांत हंगामी वसतिगृह आहे. तेही नसेल तर ग्रामपंचायतीने सोय करावी. परीक्षेच्या सकाळी केंद्रापर्यंत एक जीप लागते. तिच्या डिझेलचे पैसे गणपतीच्या वर्गणीतून निघतात.

कारखान्यांचे ट्रक गावातून निघण्याआधी यंदा आपल्या शाळेत जा आणि पाचवीचा पट मागून घ्या.