कशफचा राग कुणाला नको आहे?

२०१४ च्या जूनमध्ये 'जिंदगी' वाहिनी सुरू झाली आणि आमच्या घरी रात्रीच्या जेवणाची वेळ बदलली. पाकिस्तानात २०१२-१३ मध्ये 'हम टीव्ही'वर गाजलेली 'जिंदगी गुलजार है' अम्मी, धाकटी बहीण आणि मी एकत्र बघायचो. मी इंजिनिअरिंग संपवून नुकताच नोकरीला लागलो होतो. मला अर्थातच फवाद खानचा झारून आवडायचा. सनम सईदने साकारलेली कशफ बोलायला लागली की मी म्हणायचो, "किती कडू आहे ही!" बहीण गप्प बसायची. परवा मालिका पुन्हा बघितली आणि ती का गप्प बसायची ते कळलं.

उमेरा अहमद यांची ही कथा सुलताना सिद्दीकी यांनी दिग्दर्शित केली. कशफ तीन बहिणींत थोरली. तिन्ही मुलीच झाल्या म्हणून वडील मुर्तझा दुसरा निकाह करून वेगळा संसार थाटतात. आई रफिया शाळेत नोकरी करून, शिकवण्या घेऊन मुलींना वाढवते. कशफ शिष्यवृत्तीवर विद्यापीठात शिकते आणि पुढे सरकारी अधिकारी होते. दुसऱ्या बायकोचा मुलगा पोलीस केसमध्ये अडकतो, तेव्हा मुर्तझा मदतीसाठी या 'नकोशा' मुलीच्याच दारात येतात.

कशफची तक्रार थेट अल्लाहकडे आहे : सगळं माझ्याच वाट्याला का? आपल्याकडे असं विचारणाऱ्या मुलीला लगेच 'तौबा कर' म्हणतात. रफियाही तिला सब्र आणि शुक्र शिकवते. रफियाचा सब्र मोठाच आहे, ते घर त्यावरच उभं आहे. पण सब्रचा धडा या चौघींनाच का? मुलगा हवा म्हणून घर मोडणाऱ्या मुर्तझांना सब्र कुणी शिकवायचा? मुलगी झाल्याची खबर ऐकून ज्याचं तोंड काळवंडतं, त्याची वृत्ती कुरआनने सूरह नहलमध्ये वाईट ठरवली आहे. कशफ ज्यावर चिडते, ते कुरआनलाही मान्य नाही, हे आपण मुलींना का सांगत नाही?

पाकिस्तानात १९६१ च्या मुस्लिम कौटुंबिक कायद्यानुसार दुसऱ्या निकाहसाठी लवाद मंडळाची लेखी परवानगी लागते. कायदा असूनही मुर्तझांसारख्यांचं फारसं अडत नाही, कारण आजूबाजूची माणसं त्यांना नाही, बायकोलाच समजावतात. मालिकाही शेवटी कशफच्या मनातली कटुता घालवते आणि तिला शुक्र शिकवते. मला तिथेच खटकतं. जखम बरी व्हावी, हे खरं. पण ती कुणी केली, हा हिशोब अर्धाच राहतो.

आता झारून. शिकलेला, श्रीमंत, इंग्रजी बोलणारा. पण आईने करिअर केलेलं त्याला खुपतं, बहिणीचा संसार मोडला तर दोष बहिणीचा, आणि अस्मारावर बंधनं घालता घालता मंगनी मोडते. मुर्तझांना मुलगी नको होती. झारूनला बाई हवी, पण त्याच्या अटींवर. दोघांतलं अंतर आपण समजतो तेवढं मोठं नाही.

हे मी कोणत्या तोंडाने लिहितोय? बहिणीला पुण्यात नोकरी मिळाली तेव्हा माझा पहिला प्रश्न होता, "सुटायला किती वाजतील?" पगार विचारला नाही, काम विचारलं नाही. त्याच आठवड्यात रिलीज होतं म्हणून मी स्वतः रात्री दोनला घरी आलो होतो आणि अम्मीने मला गरम जेवण वाढलं होतं. बहिणीने ती नोकरी घेतली नाही. मी 'नाही' म्हटलंच नव्हतं. त्यामुळे कितीतरी वर्षं मला वाटत होतं की तो तिचाच निर्णय होता.

या वेळी मालिका संपल्यावर तिला फोन केला आणि त्या नोकरीबद्दल माफी मागितली. थोडा वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "भाई, मला वाटलं तुला आठवतही नसेल."

माझ्या वयाच्या आणि माझ्याहून लहान भावांना एवढंच सांगेन : घरातली एखादी कशफ चिडून बोलली तर तिला लगेच सब्र शिकवू नका. ती कशाचा हिशोब मागतेय, ते आधी ऐका. त्यात आपलंही नाव असू शकतं.