संसार जुळला, कागद जुळेनात

होटगी जंक्शनला गाडी बदलण्याची सवय जुनी आहे. मुंबईहून चेन्नईकडे जाणाऱ्या लोहमार्गातून विजयपूर-गदगकडचा फाटा येथूनच निघतो. सोलापूर शहराला लागून असलेल्या या परिसरातील तरुणांनी गेल्या दोन-अडीच दशकांत आणखी एक मार्ग धरला आहे. सोलापुरात अभियांत्रिकीची पदवी, पुण्यात संगणक कंपनीत नोकरी आणि तेथून अमेरिका, असा तो मार्ग होय. या मार्गाने गेलेला मुलगा तीन आठवड्यांच्या रजेवर येतो. हळद, लग्न, सत्यनारायण आणि तुळजापूरचे देवदर्शन त्या रजेत बसवले जाते आणि तो परत जातो. नववधू मागे राहते. तिचा संसार सुरू होतो तो मोबाइलच्या पडद्यावर आणि कागदपत्रांच्या फायलीत.

तंत्रज्ञानाने जग जवळ आणले, हे वाक्य आता गुळगुळीत झाले आहे. ते खोटेही नाही. मात्र बोलण्यासाठी कोणाची परवानगी लागत नाही. एकत्र राहण्यासाठी लागते. ही परवानगी देणारी यंत्रणा कागदावर चालते, आणि त्या कागदांचा सर्वाधिक भार पडतो तो नुकतेच लग्न झालेल्या मुलीवर. व्हिसाच्या चर्चेत नोकरी करणाऱ्या पुरुषाचा विचार होतो, कंपन्यांचा होतो, डॉलरचा होतो. त्याच्या पत्नीचा विचार क्वचितच होतो.

पडद्यावरचा संसार

उन्हाळ्यात अमेरिकेचा पूर्व किनारा आपल्यापेक्षा साडेनऊ तासांनी मागे असतो, हिवाळ्यात साडेदहा तासांनी. होटगीत सकाळी साडेसातला चहाचे आधण ठेवले जाते तेव्हा न्यू जर्सीत आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. ओट्यावर डब्याला टेकवून ठेवलेल्या मोबाइलमधून नवरा स्वयंपाकघरात डोकावतो. सासूबाई शेंगांची चटणी कुटता कुटता मुलाची चौकशी करतात. मुलगा झोपायला जातो आणि घराचा दिवस सुरू होतो. नवऱ्याच्या घरात नवऱ्याविना रुळण्याचा हा अनुभव नवा नाही. गिरणीत किंवा सैन्यात नोकरीला गेलेल्यांच्या बायकांनी तो पिढ्यान्‌पिढ्या घेतला. फरक इतकाच की पूर्वी महिन्याला पत्र येई, आता दिवसातून दोनदा चेहरा दिसतो.

यातील अनेक मुली स्वतः पदवीधर आहेत, संगणकाला सरावलेल्या आहेत. सासऱ्यांच्या मोबाइलवर यूपीआय सुरू करून देणारी, डिजिलॉकरमध्ये घराची कागदपत्रे चढवणारी, विजेचे बिल घरबसल्या भरणारी तीच असते. व्हिसाचा लांबलचक अर्ज भरण्याचे कामही साहजिकच तिच्याकडे येते. मध्यरात्री संगणकासमोर बसून मुलाखतीची तारीख मिळते का ते पाहणे, टेलिग्रामवरील गटांत कोणत्या शहरात जागा सुटल्या त्याचा माग काढणे, हा तिच्या दिनक्रमाचा भाग होतो. तारीख मिळवून देतो म्हणून पैसे मागणाऱ्या दलालांशी गाठ पडते ती याच टप्प्यावर.

एका नावाची चार नावे

अर्ज भरताना पहिली ठेच लागते ती नावाला. स्वतःचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव ही मराठी नावाची घडण. लग्नानंतर त्यातील दोन भाग बदलण्याची रूढी आहे. काही घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून मुलीचे मूळ नावही बदलले जाते. परिणामी पदवी प्रमाणपत्रावर माहेरचे नाव, आधारवर सासरचे, बँकेच्या पुस्तकावर अर्धे इकडचे आणि अर्धे तिकडचे, अशी अवस्था होते. मराठी, कन्नड आणि तेलुगू एकत्र नांदणाऱ्या सोलापूर परिसरात एकच आडनाव रोमन लिपीत तीन-चार तऱ्हेने लिहिलेले आढळते. घरच्यांच्या दृष्टीने ते एकच नाव असते. संगणकाच्या दृष्टीने ती चार वेगळी माणसे असतात.

वास्तविक या रूढीचा सरकारी नियमांशी फारसा संबंध उरलेला नाही. पासपोर्टसाठी विवाह प्रमाणपत्र जोडण्याची अट परराष्ट्र मंत्रालयाने डिसेंबर २०१६ मध्ये काढून टाकली. विवाहानंतर महिलांना पासपोर्टवरील नाव बदलण्याची गरज नाही, असे पंतप्रधान नरेंद्र मोदी यांनी एप्रिल २०१७ मध्ये जाहीर केले. तरीही लग्नाच्या धामधुमीत आधारवरील नाव हौसेने बदलून घेतले जाते आणि पुढे दोन्ही नावांची एकच व्यक्ती असल्याचे प्रतिज्ञापत्र करण्यासाठी धावाधाव होते.

दुसरी अडचण विवाह नोंदणीची. सर्व धर्मीयांच्या विवाहांची नोंदणी सक्तीची करावी, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने १४ फेब्रुवारी २००६ रोजी सीमा विरुद्ध अश्वनीकुमार या खटल्यात दिला. महाराष्ट्रात तर नोंदणीचा कायदा १९९८ सालचा आहे. शहरात महापालिकेकडे आणि गावात ग्रामपंचायतीकडे नोंदणीची सोय आहे. असे असूनही, चारशे लोकांसमक्ष झालेल्या लग्नाला आणखी पुरावा कशाला, ही भावना अद्याप गेलेली नाही. व्हिसाचा विषय निघाला की मग प्रमाणपत्राची आठवण होते. तोवर नवरदेव परदेशी पोचलेला असतो आणि नोंदणीच्या वेळी वधू आणि वर दोघांनीही हजर राहणे अपेक्षित असते.

पासपोर्टसाठी सोलापूरकरांना पूर्वी पुणे गाठावे लागे. टपाल कार्यालयांत पासपोर्ट केंद्रे उघडण्याची योजना जानेवारी २०१७ मध्ये सुरू झाली आणि सोलापुरातच सोय झाली. अमेरिकेच्या व्हिसासाठी मात्र मुंबईची वारी चुकत नाही. बोटांचे ठसे आणि मुलाखत, दोन्हींसाठी प्रत्यक्ष जावे लागते. लग्नाचा अल्बम बरोबर न्यावा, असा सल्ला जाणकार देतात. अंतरपाट, सप्तपदी आणि मंगळसूत्राची छायाचित्रे घरच्यांसाठी आठवण असतात. खिडकीपलीकडच्या अधिकाऱ्यासाठी तो पुरावा असतो.

‘अवलंबित’ या शब्दाचा अर्थ

या सर्व खटाटोपानंतर मिळतो तो एच-फोर व्हिसा. पती एच-वन-बी व्हिसावर असेल तर पत्नीला ‘अवलंबित’ म्हणून हा व्हिसा दिला जातो. त्यावर शिक्षण घेता येते, नोकरी करता येत नाही. कामाचा परवाना नसल्यास सामाजिक सुरक्षा क्रमांकही सहसा मिळत नाही आणि त्यावाचून स्वतःच्या नावाची आर्थिक पत उभी करणे अवघड जाते. सासऱ्यांचे सारे व्यवहार मोबाइलवर लीलया सांभाळणारी मुलगी तेथे गेल्यावर घरभाड्याच्या करारापासून फोनच्या जोडणीपर्यंत नवऱ्याच्या नावावर विसंबून राहते.

या नियमाला २६ मे २०१५ पासून एक अपवाद आहे. कंपनीने पतीच्या स्थायी निवासासाठी केलेला अर्ज मंजूर झाला असेल तर पत्नीला कामाचा परवाना मागता येतो. अमेरिकी काँग्रेसच्या संशोधन सेवेच्या अहवालानुसार, डिसेंबर २०१७ पर्यंत असे १ लाख २६ हजार ८५३ अर्ज मंजूर झाले होते. त्यात नूतनीकरणाचे अर्जही आले. परवाना मिळालेल्यांत ९३ टक्के स्त्रिया होत्या आणि ९३ टक्के जण भारतात जन्मलेले होते. थोडक्यात, अमेरिकी कायद्यातील हे एक कलम प्रामुख्याने भारतीय विवाहितांचे भवितव्य ठरवते. त्याला दिलेले आव्हान ऐकण्यास अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२५ मध्ये नकार दिला, त्यामुळे परवाना तूर्त टिकला. परंतु त्याच महिन्याच्या अखेरीस दुसरा धक्का बसला. मुदतीत अर्ज केल्यास जुना परवाना ५४० दिवसांपर्यंत आपोआप वाढवून देण्याची सवलत ३० ऑक्टोबर २०२५ पासून नव्या अर्जांसाठी बंद झाली. नूतनीकरण रखडले तर चालू नोकरी थांबवण्याची वेळ येते.

स्थायी निवासाची रांग हा याहून मोठा प्रश्न. रोजगारावर आधारित वाट्यात एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांची मर्यादा आहे. भारतीय अर्जदार संख्येने प्रचंड असल्याने त्यांची प्रतीक्षा दशकाहून अधिक लांबते. पंचविसाव्या वर्षी गेलेली मुलगी चाळिशीला पोचेपर्यंत ‘अवलंबित’ राहू शकते.

हौसच पुरावा होते तेव्हा

नियम आणखी कडक होत गेले आहेत. बहुतेकांना पूर्वी मिळणारी मुलाखतीची सवलत २ सप्टेंबर २०२५ पासून बंद झाली. त्याच महिन्यात नव्या एच-वन-बी अर्जांवर एक लाख डॉलरचे शुल्क जाहीर झाले. १५ डिसेंबर २०२५ पासून एच-वन-बी आणि एच-फोर अर्जदारांच्या समाजमाध्यमांवरील वावराची तपासणी सुरू झाली आणि खाती सर्वांसाठी खुली ठेवण्यास सांगण्यात आले. भारतातील अनेकांच्या ठरलेल्या मुलाखती त्यामुळे काही महिने पुढे गेल्या.

समाजमाध्यमांच्या तपासणीचा हा नियम स्त्री-पुरुषांना सारखाच लागू आहे. झळ मात्र सारखी लागत नाही. अनोळखी नजरा टाळण्यासाठी आपले खाते मोजक्या मैत्रिणींपुरते ठेवणाऱ्या मुलीला आता ते साऱ्या जगाला उघडे करावे लागते. त्यात व्हिसा अधिकाऱ्याबरोबर गावातील उचापतखोरही आले आणि सासरचे नातेवाईकही आले. ज्या तंत्रज्ञानाच्या हौसेने तिने दूरचा संसार जवळ ठेवला, तीच हौस तिच्याविषयीचा पुरावा म्हणून वाचली जाते. या नियमाची ही किंमत कोणत्याही परिपत्रकात लिहिलेली नाही.

अमेरिकेचे नियम सोलापुरात बसून बदलता येणार नाहीत. आपल्या हाती असलेल्या गोष्टी मात्र कमी नाहीत. लग्नाची नोंदणी नवरदेव परतण्यापूर्वी, शक्य तर त्याच आठवड्यात करून घ्यावी. मुलीच्या कागदपत्रांवरील नाव रूढीखातर बदलण्याची घाई करू नये. ज्या नावावर पदवी आणि पासपोर्ट आहे त्याच नावावर तिचे पुढचे आयुष्य सरळ चालते. आणि स्थळ पाहताना मुलाचा पगार विचारला जातो तसा त्याचा व्हिसा कोणता आणि स्थायी निवासाचा अर्ज कोठवर आला, हेही विचारले जावे. त्या उत्तरावर मुलीची नोकरी अवलंबून असते. पत्रिकेतील छत्तीस गुणांपैकी एकही गुण याविषयी काही सांगत नाही.

होटगी रस्त्यावरील सोलापूर विमानतळाच्या नव्या इमारतीचे उद्घाटन २९ सप्टेंबर २०२४ रोजी झाले. जून २०२५ मध्ये गोव्याची आणि त्याच वर्षी मुंबईची प्रवासी सेवाही सुरू झाली. ज्या मुंबईसाठी सिद्धेश्वर एक्स्प्रेसमध्ये रात्र काढावी लागे, ती विमानाने तासाभरावर आली. मुंबईतील व्हिसाच्या खिडकीपलीकडचा प्रवास मात्र अजूनही महिन्यांत आणि वर्षांत मोजावा लागतो. तो किती लांबेल हे विमानाच्या वेगावर ठरत नाही. त्या मुलीकडे अवलंबित म्हणून पाहायचे की स्वतंत्र नागरिक म्हणून, या प्रश्नाच्या उत्तरावर ते ठरते, आणि तो प्रश्न वॉशिंग्टनइतकाच तिच्या दोन्ही घरांनाही विचारला गेला पाहिजे.