उरलेल्या मदतीचे काय होते?

३० सप्टेंबर १९९३ ला पहाटे किल्लारी हादरली, तेव्हा आम्ही रिद्धपूरच्या वस्तीत घरोघर फिरलो. कुणी मजुरीतले दहा रुपये दिले, कुणी पातळ. बरीच फाटकी होती, खोटे कशाला बोलावे! असे कपडे पडून राहतात; २००४ च्या त्सुनामीनंतर तामिळनाडूत त्यांचे ढीग साचले होते.

रुपयाचे तसे नसते. पंतप्रधान राष्ट्रीय मदत निधी जानेवारी १९४८ मध्ये फाळणीच्या निर्वासितांसाठी निघाला. निर्वासित वसले, निधी राहिला. आज त्यातून गरिबांच्या हृदयाच्या, किडनीच्या, कॅन्सरच्या उपचारालाही मदत मिळते. मुख्यमंत्री सहायता निधीतूनही मिळते.

तेव्हा बंधूभगिनींनो, घरात मोठे दुखणे आले तर सावकाराकडे जाण्याआधी उत्पन्नाचा दाखला व दवाखान्याचे खर्चपत्रक जोडून अर्ज करा. लाजू नका, त्यात आपलाही रुपया आहे. आणि विहारात जमलेल्या वर्गणीतून काही उरले असेल, तर तो आकडा फळ्यावर लिहा.