औषध नावाचे विष

कुर्डुवाडीच्या बाजारपेठेत कृषी सेवा केंद्राच्या पायरीशी आलेला शेतकरी विष मागत नाही, 'औषध' मागतो. उजनीचे पाणी आल्यापासून माढा तालुक्यात ऊस, डाळिंब व द्राक्ष यांचा विस्तार झाला. त्याबरोबर कीड आली, रोग आले आणि फवारणीही आली. डाळिंबाचा बहार धरला की पाठीवरचा पंप फारसा खाली ठेवता येत नाही. परंतु ज्या द्रव्याला आपण इतक्या सहजपणे औषध म्हणतो, ते माणसाच्या मेंदूत नेमके काय करते, याचा विचार आपण क्वचितच करतो.

मोनोक्रोटोफॉस, प्रोफेनोफॉस, क्लोरपायरीफॉस ही सेंद्रिय फॉस्फरसवर्गीय कीटकनाशके किडीच्या मज्जासंस्थेवर घाला घालतात. दुर्दैवाने माणसाच्या मज्जासंस्थेची घडणही या बाबतीत निराळी नाही. एका मज्जापेशीचा निरोप पुढे पोहोचविणारे ॲसिटिलकोलीन हे द्रव्य काम होताच एका विकराकडून नष्ट केले जाते. हे विष नेमके त्या विकरालाच निकामी करते. मग निरोप थांबतच नाहीत: तोंडाला फेस येतो, स्नायू थरथरतात, श्वास कोंडतो, आकडी येते. आकडी लांबली की मेंदूत ग्लुटामेट हे उत्तेजक द्रव्य बेसुमार सुटते, पेशींत कॅल्शियमचा लोंढा शिरतो, त्यांची ऊर्जानिर्मिती कोलमडते आणि त्या मरतात. कातडीवरची जखम भरून येते. मेंदूतील मेलेल्या पेशींची जागा मात्र बहुतांशी रिकामीच राहते. म्हणूनच रोगी घरी परतला म्हणजे तो बरा झाला, असे समजणे धाडसाचे ठरते.

दुसरी हानी संथ असते. 1982 साली कॅलिफोर्नियात काही तरुणांनी एमपीटीपी या रसायनाने दूषित झालेले मादक द्रव्य टोचून घेतले आणि अल्पावधीत त्यांना कंपवातासारखी व्याधी जडली. हालचालींवर ताबा ठेवणाऱ्या मेंदूतील विशिष्ट पेशी त्या रसायनाने मारल्या होत्या. एमपीटीपीपासून शरीरात तयार होणाऱ्या विषाशी रचनेने साम्य असलेले पॅराक्वाट हे तणनाशक तेव्हापासून संशोधकांच्या नजरेत आहे, आणि त्याचा वापर व कंपवात यांचा संबंध अनेक पाहण्यांत आढळला आहे. एखाद्या विशिष्ट रोग्याच्या बाबतीत कारण सिद्ध करणे अवघड, हे मान्य. तथापि युरोपीय संघाने 2007 मध्ये व केरळने 2011 मध्ये पॅराक्वाटचा वापर थांबविला, हे विसरता येत नाही.

आपल्याकडे कायदा नाही असे नव्हे. 1958 साली केरळात पॅराथिऑनने दूषित झालेल्या पिठामुळे शंभरावर माणसे दगावली. त्या धक्क्यातून 1968 चा कीटकनाशक कायदा व 1971 चे नियम आले. कीटकनाशक हाताळणाऱ्यांची वैद्यकीय तपासणी व्हावी आणि फॉस्फरसवर्गीय विषाशी संबंध येणाऱ्यांच्या रक्तातील कोलिनेस्टरेज या विकराचे प्रमाण दरमहा मोजावे, असे हे नियम सांगतात. परंतु रोजंदारीवर आज या बागेत तर उद्या त्या बागेत फवारणारा मजूर कोणाच्या हजेरीपटावर असतो? ज्याची नोंदच नाही, त्याचे रक्त कोण तपासणार?

2017 च्या हंगामात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करणारे वीसएक शेतकरी व मजूर दगावले आणि शेकडो रुग्णालयात दाखल झाले. तेव्हा हातमोजे घातले नाहीत, तोंड झाकले नाही, असा दोष मृतांनाच देणारे आवाज निघाले. सोलापूरच्या उन्हात, पारा चाळीस अंशांवर गेलेला असताना, रबरी पोशाख चढवून दिवसभर पंप मारून दाखवावा आणि मगच हा उपदेश करावा. मोनोक्रोटोफॉसवर भाजीपाल्यापुरती बंदी 2005 मध्ये आली. त्याच्या 36 टक्के द्रावणाची नोंदणी रद्द व्हायला 2023 उजाडावे लागले. या दिरंगाईची किंमत फवारणाऱ्यांनी मोजली.

कीडनियंत्रणाशिवाय बाग टिकत नाही, हे आम्ही जाणतो. डाळिंब उत्पादकाच्या डोक्यावरील कर्जही जाणतो. म्हणूनच मागणी मोजकीच आहे. फवारणी करणाऱ्या मजुरांची नोंद ग्रामपंचायतीने ठेवावी. हंगामात त्यांची रक्ततपासणी आरोग्य खात्याने गावात येऊन करावी. कुर्डुवाडीसारख्या ठिकाणच्या शासकीय रुग्णालयात ॲट्रोपीन व प्रॅलिडॉक्सिम यांचा साठा आणि ते वापरू जाणणारा डॉक्टर असावा. सोलापूर गाठेपर्यंतचा वेळ रोग्याला परवडत नाही. डब्यावरील लाल त्रिकोणाचा अर्थ विक्रेत्याने मराठीत समजावून द्यावा आणि तो न देणाऱ्याचा परवाना तपासला जावा. पिकाला वाचविण्यासाठी राबणाऱ्या माणसाच्या मेंदूचे रक्षण करणे, ही शासनाने करावयाची कृपा नसून पन्नास वर्षांहून अधिक काळ थकलेले कायदेशीर देणे आहे.