संगणक म्हणतो, आज २००९ साल!

बालदोस्तांनो,

परवा आमच्या नागपूरच्या शाळेत भारीच फजिती झाली. पाचवीतल्या एका मुलीचा नवोदयच्या परीक्षेचा अर्ज भरायचा होता. दुसऱ्या दिवशी शेवटची तारीख! उन्हाळ्याच्या सुट्टीत बंद असलेला जुना संगणक सुरू केला, पण वेबसाइट काही उघडेना. पडद्यावर आपला तोच इशारा : कनेक्शन सुरक्षित नाही.

"मॅडम, नेटच बंद असन," एक जण म्हणाला. त्याच वाय-फायवर मोबाइल लावून पाहिला. वेबसाइट झटक्यात उघडली! म्हणजे नेट ठीक होतं. मग त्या मुलीनंच पडद्याच्या कोपऱ्याकडे बोट दाखवलं. तिथे तारीख होती १ जानेवारी २००९!

तुम्ही म्हणाल, तारखेचा इथे काय संबंध? सांगते. प्रत्येक सुरक्षित वेबसाइटजवळ एक ओळखपत्र असतं, त्याला सर्टिफिकेट म्हणतात. ते कधीपासून कधीपर्यंत चालेल, हे त्यावर लिहिलेलं असतं. ब्राउझर ते संगणकाच्या घड्याळाशी ताडून पाहतो. आमच्या संगणकाच्या मते साल २००९. म्हणजे या ओळखपत्राची मुदत अजून सुरूच व्हायची होती! मग तो आत कसा सोडणार?

संगणक बंद असतानाही त्याचं घड्याळ चालतं ते नाण्याएवढ्या एका सेलवर. बहुतेक संगणकांत सीआर२०३२ हा सेल असतो. २० मिलिमीटर रुंद, ३.२ मिलिमीटर जाड, म्हणून हा आकडा! तो काही वर्षांनी संपतो आणि घड्याळ मागे जातं.

आम्ही तारीख-वेळ नीट लावली आणि वेबसाइट उघडली. अर्ज त्याच दिवशी गेला! नंतर प्लग काढून जाणकाराकडून नवा सेल बसवून घेतला. जुना सेल मात्र लहान भावंडांच्या हाती देऊ नका हं. गिळला तर जिवावर बेततं.

तारीख बरोबर असूनही अडलं, तर ब्राउझर जुना झालाय का पाहा. विंडोज ७ वर क्रोम १०९ व्या आवृत्तीपाशीच थांबलाय.

आणि हो, इशारा आला म्हणून 'तरीही पुढे जा' दाबायचं नाही. आधी कोपऱ्यातली तारीख बघायची. तुमच्या घरच्या संगणकात आज कोणतं साल आहे? पाहून मला पत्रानं कळवा!

तुमची,
बाई